आधी वजन विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर घरी बांधलेली माझी गाडी सरकारी तपासणीतून पार होऊन इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या रस्त्यांवर धावू लागली आहे, आणि आपले आभार चारचौघांत मानल्यावाचून मला राहवत नाही.

ज्या विक्रेत्याकडे मी इंजिनासाठी प्रथम गेलो, त्याला दोनशेहून अधिक अश्वशक्तीचे टर्बो इंजिन माझ्या गळ्यात मारण्याची कोण घाई होती, पण गाडीचे वजन किती भरेल हे त्याने एकदाही विचारले नाही. आपण पहिलाच प्रश्न वजनाचा केलात. 600 किलोची गाडी, त्यात 75 किलोचा चालक आणि माझदा एमएक्स-5 चे 1.6 लिटरचे, सुमारे 115 अश्वशक्तीचे इंजिन, म्हणजे टनामागे 170 अश्वशक्ती; एवढी पुरे, असा आपला हिशेब. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी 1957 साली सेव्हन आणली तेव्हा तिच्यात फोर्डचे 1172 सीसीचे, जेमतेम 40 अश्वशक्तीचे इंजिनही होते, हे आपण आवर्जून सांगितलेत. इंजिन मोठे घेतले की गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच), रेडिएटर, ब्रेक सारेच मोठे लागते, पुढच्या चाकांवर भार येतो आणि ज्या चपळाईसाठी एवढा खटाटोप करायचा तीच हातची जाते. शिवाय उघड्या चाकांच्या या ठेवणीला वारा फार अडवतो, त्यामुळे मोठ्या वेगात वाढीव ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते.

तरीही हे सारे कागदावरच राहिले असते. त्या पावसाळी सकाळी, वर्षानुवर्षे खपून बांधलेल्या आणि हेच इंजिन बसवलेल्या आपल्या गाडीची किल्ली आपण माझ्या हातावर ठेवलीत, शेजारी बसलात आणि वाटभर चकार शब्द काढला नाहीत. ओल्या वळणातून निघताना माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जरा जास्त पडला, मागची चाके सरकली, स्टिअरिंग किंचित उलट वळवताच सावरली; आपला मांडीवरचा हात जागचा हललासुद्धा नाही. नवख्या माणसावर एवढा भरवसा टाकणे ज्ञानाइतकेच दुर्मिळ आहे. काही विकायचे नसताना, बदल्यात काही नको असताना खरे ते सांगणारी आपल्यासारखी माणसे आहेत, म्हणूनच घरच्या गॅरेजमध्ये अशा गाड्या उभ्या राहतात.

चारही चाकांखाली वजनकाटे लावून पाहिले: गाडी 592 किलो भरली आणि पुढचा-मागचा भार जवळपास निम्मा-निम्मा आला. आकडे आपल्याला आवडतील, म्हणून मुद्दाम कळवतो.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
कॉव्हेंट्रीचा एक गाडीवेडा