सोलापूरचा किल्ला दोनदा आंदणात

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील चांदबीबीवरचा लेख वाचला. 1595-96 चा मोगलांचा वेढा, सुरुंगाने पडलेला तट, रातोरात बुजवलेले खिंडार, सगळे झकास रंगले आहे. मात्र अहमदनगरची ही लेक विजापूरला नांदायला का गेली, हे एका वाक्यात उरकले आहे. माझा आक्षेप एवढ्यापुरताच.

ते लग्न म्हणजे साटेलोटे होते. 1564 च्या सुमारास अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने चांदला विजापूरच्या अली आदिलशहाच्या घरी दिले आणि अलीची बहीण हदिया सुलतान आपल्या मुर्तजासाठी सून करून आणली. हुसेनची दुसरी एक मुलगी गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाकडे होती. काही वर्षांपूर्वी हाच अली विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन अहमदनगरवर चालून आला होता. जानेवारी 1565 मध्ये राक्षसतागडीला (तालिकोटच्या लढाईत) विजयनगरच्या फौजेसमोर हे तिघे उभे राहिले ते सोयरे म्हणून. हुसेनच्या तोफखान्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. ज्या दोन मुलींच्या पाठवणीवर ही एकजूट उभी होती, त्यातल्या हदियाचे नावही बहुतेकांना माहीत नसते.

चांदबरोबर विजापूरला आंदण गेला तो आमच्या सोलापूरचा भुईकोट. गंमत अशी, की चाळीस वर्षांपूर्वी हाच किल्ला उलट दिशेने कबूल झाला होता. 1524 मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्यासोबत द्यायचे ठरले होते. दिले नाही. नव्या व्याह्यांत लगेच लढाई जुंपली. भावाचे सैन्य एकीकडे, नवऱ्याचे दुसरीकडे, अशा घरात मरियमने दिवस कसे काढले असतील, हे बखरकारांना लिहावेसे वाटले नाही. तिची आई पुंजी खातून मराठा सरदार मुकुंदरावाची बहीण. म्हणजे या शाही सोयरिकींत मराठी माहेरही होते. आणि चांदच्या लग्नाने तरी सोलापूरचा तंटा मिटला का? 1624 मध्ये भातवडीची लढाई जिंकल्यावर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुन्हा सोलापूरच घेतले.

या स्त्रिया नुसत्या तहातले कलम नव्हत्या. हुसेन 1565 मध्येच वारला आणि चांदची आई खुंझा हुमायूँ हिने मुर्तजाच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले. पुढे पोटच्या मुलानेच तिला कैद केले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या हुसेनच्या स्तुतिकाव्याची सचित्र पोथी आहे. तिच्या चित्रांत राणी सुलतानाला खेटून सिंहासनावर बसलेली होती; नंतर कुणीतरी तिच्या आकृतीवर रंग फासला. चांदनेही 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाल्यावर त्याचा अल्पवयीन पुतण्या इब्राहिम आदिलशहा याला सांभाळत विजापूरचा कारभार पाहिला आणि दरबारी कारस्थानांपायी साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद भोगली. अहमदनगरचा तट लढवण्याआधीचे हे पंधरा-सोळा वर्षांचे राजकारण तुमच्या लेखात कुठेच नाही. (नगरजवळच्या ज्या ‘चांदबीबी महाला’चे छायाचित्र छापले आहे, ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, हेही जाता जाता.)

लेखमालेच्या पुढच्या भागात राक्षसतागडीचा नकाशा देणार असल्याचे म्हटले आहे. त्याच्या शेजारी या तीन घराण्यांच्या सोयरिकीची वंशावळही छापावी. जागा कमी पडली, तर तोफांचे वर्णन थोडे कापावे.

– एक वाचक, सोलापूर