सूचना : एकट्याने स्कूबा डाइव्ह (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं) करू नये

सर्व सभासदांना नमस्कार.

पावसाळा सरला, मालवण-तारकर्लीचं पाणी निवळू लागलंय आणि ‘सकाळी एकटाच जाऊन येतो’ असे निरोप पुन्हा दिसू लागलेत. कृपया एकट्याने उतरू नका, अनुभव कितीही असो.

हवा संपत आली की माणूस घाबरतो, श्वास रोखून वर झेपावतो. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेल्या छातीतली हवा वर येताना दुप्पट पसरू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून उथळ पाण्यात धोका नाही हा समज आधी सोडा. जोडीदार जवळ असला तर त्याचा जादा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासात घ्यायचं तोंडात धरायचं साधन) तोंडात धरून दोघं सावकाश वर येता.

दुसरं, जाळी. तुटलेली जाळी खडकांना अडकून राहतात. नायलॉनचा धागा पाठीमागे टाकीच्या व्हॉल्व्हला गुंतला तर आपला हात तिथे नीट पोचत नाही, वळावं तसा गुंता वाढतो. जोडीदार मागून तो कापून देतो. सुरी दोघांकडेही हवी.

उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासा. खाली हाक नाही, हात पोचेल इतकं जवळ राहा. चुकामूक झाली तर मिनिटभर शोधा, मग सावकाश वर या. टाकीत 50 बार (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा शिल्लक ठेवूनच वर पोचायचं.

जोडीदार नसेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत गटात कळवा, जुळवून देऊ. नाहीच जमलं तर त्या दिवशीची डाइव्ह रद्द करावी.

– सुरक्षा समिती