किल्लीवाल्या काकूंना

काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "बरं बरं, पोरीला जेवायला घाल आधी" म्हणून फोनच ठेवून दिलात, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, आता ठेवा फोन.

जानेवारीतला तो शनिवार आठवला तरी अजून हुडहुडी भरते. इथे लंडनच्या हॅरोमध्ये बाहेर उणे ३, नवरा पुण्यात, घरात मी आणि ३ वर्षांची लेक, आणि बेडरूमचा रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरून खोली गरम करणारा तो भिंतीवरचा पत्रा) खाली गरम, वर बर्फ. मला काय कळतंय, मी आपला थर्मोस्टॅट वाढवत गेले, तर हॉलमधला रेडिएटर हात लावला की भाजेल असा झाला आणि बेडरूमचा ढिम्म. लेटिंग एजंटला (घरमालकाच्या वतीनं भाड्याचं घर बघणाऱ्याला) ३ ईमेल केल्या, उत्तर आलं की इंजिनिअर गुरुवारी येईल. (इथे बॉयलरवाल्यालाही इंजिनिअर म्हणतात, आमचे सॉफ्टवेअरवाले इंजिनिअर त्यावर रुसतात.) मग तुमची आठवण झाली, म्हणजे आपली ओळख काय तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला प्रसादाच्या लाइनीत झालेली तेवढीच, आणि तुम्ही दोन बस बदलून आलात, एका हातात पोह्यांचा डबा आणि पर्समध्ये रेडिएटरमधली हवा काढायची ती पितळी किल्ली.

मला वाटलं तुम्ही कराल आणि मी बघेन. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "हात लाव. पोरीचा ताप बघतेस तसा. वर गार, खाली गरम म्हणजे हवा. खाली गार, वर गरम म्हणजे गाळ. सगळाच गार असेल तर व्हॉल्व्ह." एवढं कुणी मला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं हो. आणि हवेचं काय होतं विचारलं तर म्हणालात, "विहिरीवरची मोटार हवा धरते ना, तसंच," आणि माझं माहेर सांगलीकडचं त्यामुळे पुढचं काही समजवावंच लागलं नाही.

मी लगेच किल्ली लावायला निघाले तर ओरडलात. आधी हीटिंग बंद, थंड होऊ दे, नाहीतर पंप हवा फिरवत राहतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं ते वेगळंच. म्हणून मग तासभर कुडकुडत चहा-पोहे. मग खालच्या मजल्यापासून सुरुवात, रेडिएटरच्या कडेला वर तो चौकोनी खिळा, खाली जुना टॉवेल, आणि किल्ली डावीकडे पाव फेरा, बास. "पूर्ण काढायचा नाही गं, हातात आला तर घरात कारंजं." बेडरूमच्या रेडिएटरमधून स्स्स करून जी हवा निघाली ती किती वेळ निघतच राहिली, कुकरची शिट्टी लांबवर वाजावी तशी, मग थुईथुई थेंब, मग धार, आणि तुम्ही "आवळ!" म्हणालात तोवर क्रीम कार्पेटवर रुपयाएवढा काळा डाग पडलेला. तो अजून आहे, त्यावर मी कुंडी ठेवलीय.

मी खूश, बॉयलर लावायला गेले तर बॉयलर बंद, प्रेशरचा काटा ०.४ बारवर. मला वाटलं मी मोडला. तुम्ही हसलात, "हवा गेली, तिची जागा कोण भरणार? पाणी घाल." बॉयलरखालची ती जाळीदार नळी दोन वर्षं बघत होते, ती कशासाठी आहे हे त्या दिवशी कळलं. दोन्ही व्हॉल्व्ह हळूच उघडायचे, नजर काट्यावर, १.३ ला आला की दोन्ही बंद, आणि तुम्ही ते बंद झालेत का हे माझ्याकडून दोनदा बघून घेतलंत, कारण एक जरी अर्धवट राहिला तर प्रेशर चढत राहतं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्हमधून सगळं बाहेर. छोट्या खोलीतला रेडिएटर पूर्ण गार होता, त्याची आकड्यांची टोपी काढून आतली अडकलेली पिन पक्कडीच्या टोकानं हलकेच दाबून मोकळी केली, ते पाच मिनिटांचं काम. पण बॉयलरच्या पत्र्याला मी हात लावला तेव्हा माझ्या हातावर फटका मारलात. "ह्याच्या आत गॅस सेफवाल्याचाच, म्हणजे गॅसच्या कामाची नोंदणी असलेल्याचाच हात. आपला नाही."

आणि काळं पाणी बघून तुम्हीच मला ईमेल लिहायला बसवलंत, की आत गंज आहे, फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, इनहिबिटर (गंज रोखणारं औषध) घाला. मी म्हणत होते कशाला, एजंट चिडेल. "चिडू दे. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात कलम ११ आहे, हीटिंग आणि गरम पाणी दुरुस्त करणं घरमालकाचं काम," हे तुम्ही ज्या सुरात म्हणालात तो सूर मी ईमेलमध्ये आणायचा प्रयत्न केला. फ्लश झाला मार्चमध्ये. तोवर थंडी संपली, पण झाला.

पुढच्या आठवड्यात पहाटे ६ ला बॉयलर गुरगुर करून बंद पडला तेव्हाही तुम्हालाच फोन केला. तुम्ही म्हणालात, बॉयलरचं सांडपाणी सोडणारा बाहेरचा तो पांढरा प्लास्टिकचा पाईप गोठलाय, आंघोळीला घेतो तेवढं कोमट पाणी ओत, उकळतं नको, पाईप तडकेल. तर मी नवऱ्याचं जॅकेट घालून तांब्यानं पाईपवर पाणी ओततेय, अभिषेक चाललाय नुसता, आणि पलीकडचे आजोबा कुत्रा घेऊन थांबून बघतायत. चौथ्या तांब्याला आत काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला, रिसेट दाबलं, आणि भप्पकन पेटला.

काकांची नाईट शिफ्ट असायची आणि दोन लहान पोरं घेऊन हे सगळं एकटीनं शिकावं लागलं, असं तुम्ही चहा पिताना एका वाक्यात सांगून विषय बदललात. मी तेव्हा काही विचारलं नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तर काकू, किल्ली माझ्याकडेच राहिलीय. गेल्या आठवड्यात ती पलीकडच्या आजोबांच्या घरी जाऊन आली, त्यांचाही वरचा रेडिएटर गार होता, मी खुर्चीत बसले आणि त्यांना म्हटलं हात लावा. डबाही माझ्याकडेच आहे. रिकामा कसा देणार, रविवारी शंकरपाळ्या करून आणते, घरी आहात ना?

तुमची,
बर्फाळ बेडरूमवाली