‘अल्लाह’ शब्द इस्लामपूर्व

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘अल्लाह’ हे केवळ मुस्लिमांच्या एका वेगळ्या देवाचे नाव असल्याचे म्हटले आहे. भाषेच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही. अरबीत ‘इलाह’ म्हणजे देव, उपास्य. त्याला ‘अल्’ हे निश्चितता दाखवणारे उपपद लागून ‘अल्-इलाह’ आणि पुढे ‘अल्लाह’ झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही अरबी वैयाकरण मात्र त्याला व्युत्पत्ती नसलेले विशेषनाम समजतात, हेही नोंदवायला हवे. कलम्यात, म्हणजे इस्लामच्या श्रद्धावाक्यात, हे दोन्ही शब्द शेजारी येतात: ‘ला इलाह इल्लल्लाह’, म्हणजे अल्लाहखेरीज कोणी इलाह नाही. सामान्यनाम आणि एकमेव ईश्वर यांतला भेद तिथे एका ओळीत दिसतो. ‘इलाह’चे अनेकवचन ‘आलिहा’ होते, ‘अल्लाह’चे होतच नाही.

हा शब्द इस्लामबरोबर जन्मलेला नाही. पैगंबरांच्या वडिलांचेच नाव अब्दुल्लाह, म्हणजे अल्लाहचा सेवक, होते आणि त्यांचे निधन पैगंबरांच्या जन्माच्या सुमारास, इस्लामच्या प्रसारापूर्वी कितीतरी आधी झाले. अरब ख्रिस्ती आजही प्रार्थनेत हाच शब्द उच्चारतात. बैरुतला 1865 मध्ये पूर्ण झालेल्या अरबी बायबलच्या पहिल्याच वाक्यात आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा ‘अल्लाह’च आहे. हिब्रूतील ‘एलोह’ आणि सिरियाक या जुन्या सेमिटिक भाषेतील ‘अलाहा’ ही त्याची सख्खी भावंडे. श्रद्धेत फरक आहेत, ते कुणी नाकारत नाही. पण शब्दाबद्दलची चूक पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक