अमेरिका उतरली, पुढे काय?

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि ब्रिटन वाचलं, धड्यात एवढंच तर आहे." खरं आहे, पण अर्धं. फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून तुझ्या निबंधासाठी लिहायला बसले.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केल्याची बातमी रेडिओवर आली, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल चेकर्सला, म्हणजे पंतप्रधानांच्या गावाकडच्या सरकारी घरी होते. जेवणाला वायनन्ट आणि हॅरिमन हे दोघे अमेरिकन पाहुणे होते. चर्चिलनी तडक अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना फोन लावला. आता अमेरिका फक्त जपानकडेच वळली तर, ही धास्ती होतीच. ११ तारखेला हिटलरने आपण होऊन अमेरिकेशी युद्ध पुकारलं आणि तीही गेली.

तरी सुरुवातीला ब्रिटनचे हाल वाढलेच. अमेरिकेला स्वतःची फौज उभी करायची होती, त्यामुळे दोस्त राष्ट्रांना जायची शस्त्रं अडली. जर्मन पाणबुड्या थेट अमेरिकेच्या किनाऱ्याला भिडल्या. तिथल्या शहरांचे दिवे रात्रभर जळत, आणि त्या उजेडात जहाजं पाणबुडीवाल्यांना आयती दिसत. कोइम्ब्रा हा ब्रिटिश तेलवाहू टँकर जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कहून निघाला आणि लाँग आयलंडजवळच बुडाला.

मग हळूहळू युद्धाची सूत्रं ब्रिटनच्या हातातून अमेरिकेकडे गेली. १९४२ मध्ये ब्रिटनचं अजून चालत होतं: अमेरिकन सेनानींना फ्रान्समध्ये उतरायची घाई होती, पण नोव्हेंबरमध्ये फौजा उतरल्या त्या उत्तर आफ्रिकेत. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीला फौजा उतरल्या तेव्हा मात्र सरसेनापती अमेरिकन, आयझेनहॉवर. आपला, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही यात आला बरं का. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स दिल्लीत वाटाघाटी करत असताना रूझवेल्टचे प्रतिनिधी लुई जॉन्सन त्यात पडले, आणि चर्चिलना ते मुळीच रुचलं नाही. पण ज्याच्या मदतीवर लढायचं, त्याला 'तुम्ही यात पडू नका' म्हणणं सोपं नव्हतं.

मला सगळ्यात लागतं ते १९४५ चं. जपान शरण आल्यावर आठवडाभरात अमेरिकेचे नवे अध्यक्ष ट्रूमन यांनी लेंड-लीजची, म्हणजे रोख पैसे न घेता माल पुरवायची मदत बंद केली. ज्या ब्रिटनने घरोघरी अमेरिकेहून आलेल्या अंड्याच्या पावडरीवर दिवस काढले (एक पाकीट म्हणजे डझनभर अंडी), त्याच्याकडे आता आयातीला डॉलर नव्हते. हृदयविकाराने खंगलेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. एवढं सोसल्यावर देणगी मिळेल, निदान बिनव्याजी कर्ज तरी, असं त्यांना वाटत होतं. मिळालं ३७५ कोटी डॉलरचं कर्ज, २ टक्के व्याजाने, आणि पौंड डॉलरमध्ये खुला बदलून द्यायची अट. ती अट जुलै १९४७ मध्ये पाळली, तर डॉलर इतक्या वेगाने आटले की पाच-सहा आठवड्यांत ते थांबवावं लागलं. युद्धात पावावर कधी रेशन नव्हतं. ते लागलं जुलै १९४६ मध्ये, जिंकल्यावर.

अमेरिकेशिवाय ब्रिटन टिकलं असतं का? मला नाही वाटत. म्हणून तर हा हिशेब नीट मांडायला हवा. कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला, तेव्हा तू बालवाडीत होतीस.

निबंध पर्ल हार्बरवर संपवू नकोस, निदान १९४७ पर्यंत ने. कच्चा मसुदा पाठव, वाचून लगेच कळवते. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई