सूचना : समुद्रातील जीवदीप्तीचे रात्रनिरीक्षण

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या अमावास्येला रात्री ८ वाजता आपल्या नेहमीच्या किनाऱ्यावर जीवदीप्तीचे, म्हणजे सजीवांनी निर्माण केलेल्या प्रकाशाचे, निरीक्षण ठेवले असून, नाव नोंदविलेल्यांनी अर्धा तास आधी जमावे.

लाटांमध्ये दिसणारा निळसर प्रकाश बहुधा नोक्टिल्युकासारख्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असतो. लाट फुटताना किंवा पाणी ढवळले जाताना त्यांच्या पेशींवर ताण येतो, ल्युसिफेरिन या द्रव्याची ल्युसिफरेज विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि क्षणभर प्रकाश चमकतो. मैलोन्मैल अखंड उजळणारा ‘दुधाळ समुद्र’ मात्र वेगळा, कारण तो प्रकाशमान जीवाणूंमुळे होतो आणि फारच क्वचित दिसतो. हे जीव मागणीनुसार दिसत नाहीत, याची जाणीव ठेवूनच यावे.

- डोळे अंधाराला सरावण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात. त्यामुळे मोबाइल बंद ठेवावा आणि विजेरीला लाल कागद लावावा.
- पाण्यात उतरू नये. नोक्टिल्युकाच्या पेशींत अमोनिया साठतो, दाट थरांमुळे मासेही मरू शकतात, आणि अंधारात लाटांचा अंदाज येत नाही.
- लहान मुलांसोबत पालक असणे बंधनकारक आहे.

पाऊस असल्यास कार्यक्रम पुढील अमावास्येला होईल.