अण्णा, ॲम्प घेतला!

आदरणीय अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

बास गिटारचा ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, घेतला आणि वेंगुर्ल्याला सुखरूप आणला. फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. सावंतवाडी, मालवण, देवगडकडे चर्चच्या कॉयरमध्ये, लग्नाच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात बास वाजवणारी मुलं-मुली आहेत. त्यांनाही कधी ना कधी ॲम्प घ्यावा लागेल, आणि चार ॲम्प शेजारी शेजारी ठेवून वाजवून बघायची सोय आपल्याकडे सहज मिळत नाही. तुम्ही दिलेलं ज्ञान त्यांनाही मिळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

कुडाळला तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले तेव्हा माझ्या हातात यादी होती. वॉट किती, स्पीकर किती इंची, आत इफेक्ट कोणते, ब्लूटूथ आहे का, ट्यूनर आहे का. तुम्ही सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवलीत, यादी शांतपणे वाचलीत आणि विचारलंत, "आधी सांग गो बाय, वाजवूचा खंय आसा?" मग नेणार कशातून, आणि साउंडवर कोण बसणार. चर्चचा हॉल, जत्रेचा मांडव, लग्नाचं लॉन. रिक्षा, नाहीतर एसटी. साउंडवाला बहुतेक वेळा वेगळाच. एवढ्या उत्तरांवर माझी निम्मी यादी गळाली.

वॉटचं तुम्ही फार छान समजावलंत. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे 200 ऐवजी 250 वॉटसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात काही हशील नाही. बासला गिटारपेक्षा जास्त ताकद लागते हे खरंच, कारण मोकळी ई तार 41 हर्ट्झवर वाजते आणि इतका खालचा सूर स्वच्छ उभा करायला ॲम्पला दमावं लागतं. पण मांडवात लोकांपर्यंत आवाज पोचवणार ती पीए सिस्टिम, म्हणजे साउंडवाल्याचे मोठे स्पीकर. माझ्या ॲम्पने ड्रमरच्या शेजारी मला नीट ऐकू यावं आणि मिक्सरला स्वच्छ सिग्नल द्यावा, एवढंच त्याचं काम.

इंचांचंही तसंच. अँपेग कंपनीचा 1960 चा बी-15 ॲम्प एका 15 इंची स्पीकरवर गाजला आणि त्याच कंपनीचा 1969 चा एसव्हीटी 10 इंची आठ स्पीकरांवर. दोन्हींना बासवाले आजही मानतात. पेटी कशी बांधलीय ते कानाने ऐक, असं तुम्ही म्हणालात, आणि मी तसंच केलं.

खरी शिकवणी डीआय आउटची, म्हणजे ॲम्पमधून थेट मिक्सरला सिग्नल देणाऱ्या जोडणीची. ती मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही बास जोडलीत, मुद्दाम घरघर येईल अशी जोडणी केलीत आणि मला ई तारेवर तिसरा फ्रेट दाबायला सांगितलंत. तो सूर जी, 49 हर्ट्झचा. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि ती घरघरही त्याच सुरातली. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले आणि सेकंदाला एक असा संथ हेलकावा स्पष्ट ऐकू यायला लागला. जत्रेत जी वाजवताना सूर हलल्यासारखा का वाटायचा, ते त्या क्षणी कळलं. मग तुम्ही ॲम्पच्या मागचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलंत आणि घरघर गेली. हे बटण फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या एक्सएलआर केबलमधलं ग्राउंड सोडवतं. ॲम्पचं अर्थिंग जागेवरच राहतं. घरघर घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात, त्यांच्यावर तुम्ही किती कळवळून बोललात! पावसाळी मांडव, ओली जमीन, हातात धातूच्या तारा. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ती पिन कधीच काढू नये, ही माझीही हात जोडून विनंती.

त्या डीआयला प्री आणि पोस्ट असं बटण असावं, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रीवर ठेवलं की टोनच्या बटणांआधीचा सिग्नल मिक्सरला जातो, त्यामुळे मी स्टेजवर माझ्यासाठी बास-ट्रेबल कितीही फिरवलं तरी साउंडवाल्याचं मिक्स बिघडत नाही.

दुसरा आग्रह मिडचा, म्हणजे मधल्या सुरांच्या बटणाचा. नुसतं कमी-जास्त होणारं मिड नको, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ते लागू करायचं तेही फिरवून ठरवता आलं पाहिजे. आमच्या हॉलच्या जांभ्याच्या भिंतींत काही सूर घुमतात. आता जो भाग घुमतो तेवढाच शोधून कमी करते, बाकी बास जिथल्या तिथे राहतो.

आणि मग आपली खारी हवा, जिच्याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात एक ओळ सापडत नाही. जॅक नुसता सर्किट बोर्डवर टेकलेला आहे की धातूच्या नटाने पत्र्याला आवळलेला, हे तुम्ही मला बोटाने हलवून बघायला शिकवलंत. मागची पट्टी वाचायला शिकवलंत: 100 ते 240 व्होल्ट लिहिलं असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी ॲम्प तग धरतो. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तो चालू ठेवायचा, आतल्या उबेने दमटपणा सुटतो. आणि जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवायचा.

शेवटी घेतला तो 200 वॉटचा, क्लास डी (वजनाने हलक्या सर्किटचा), एका 12 इंची स्पीकरचा. निओडिमियम चुंबकामुळे 14 किलोच भरला, एका हाताने रिक्षात चढतो. हेडफोनची सोय आहे, त्यामुळे आजी झोपल्यावरही सराव होतो. ब्लूटूथ नाही, इफेक्ट नाहीत, आणि त्यांची आठवणही येत नाही.

तुम्ही मला काहीच विकलं नाहीत, अण्णा. भर सीझनमध्ये, दुरुस्तीची कामं अडलेली असताना अख्खी दुपार मला दिलीत आणि चहाही तुम्हीच पाजलात. त्याचं मोल मला पक्कं ठाऊक आहे.

ॲम्पला जादा स्पीकर जोडायची सोय आहे, मागे कमीत कमी 4 ओहम लिहिलंय. आतला 8 चा आहे, बाहेर आणखी एक 8 चा जोडला तर दोन्ही मिळून 4 होतात, म्हणजे चालेल ना? चर्चच्या फेस्ताच्या आधी एकदा तुमच्याकडून खात्री करून घेईन. येताना आईने केलेली सोलं आणते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
वेंगुर्ल्याची बासवाली